उद्याचा अंदाज परवा

नागाव,
माघ शुद्ध पंचमी

श्री. अल्पेश यांस,

रुचिकाचा नमस्कार. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर आपण दोघं मिळून तीन वेळा हॅलो म्हणतो, मग आपण 'जेवलीस का' विचारता, मी 'जेवले' म्हणते, आणि तेवढ्यात आवाज जातो. नऊ महिन्यांत माझ्या जेवणाशिवाय दुसऱ्या कुठल्याही विषयावर आपलं बोलणं झालेलं नाही. तेव्हा हे कागदावर. आपली प्रकृती उत्तम असेल, आपल्या इंजिनाचीही असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, फक्त आईंचा डावा गुडघा खुशाल नाही. नारळावर यंदा माकडं कमी आहेत. (आई शेजारी तांदूळ निवडत बसल्या आहेत आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं वाचायला लावतायत, म्हणून हे 'आपण' आणि 'यांस'. नवऱ्याला पत्र कसं लिहावं याबद्दल त्यांची मतं फार ठाम आहेत. बाबांनी त्यांना उभ्या जन्मात एक पत्र लिहिलं नाही, कारण ते मिठागराच्या पलीकडे कधी गेलेच नाहीत, पण त्यानं मतांना काही फरक पडत नाही.)

उठल्या. आता तू.

तू एप्रिलमध्ये गेलास तेव्हा ऑक्टोबर म्हणाला होतास. ऑक्टोबरात जानेवारी म्हणालास. आता जानेवारीही संपला आणि तुझा मेसेज आला, 'कंपनी थांबवतेय, बहुतेक मार्च'. नऊ महिन्यांतला हा तुझा सर्वांत लांब मेसेज. एरवी 'ठीक', 'पोचलो' आणि अंगठा. मी नाराज आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. मी अतिशय नाराज आहे. पण कंपनीपुढे तुझं काय चालणार, असं मी आईंना सांगते, आई चंद्राबाईंना सांगतात आणि चंद्राबाई सगळ्या आळीला, त्यामुळे आळीत तुझ्या कंपनीबद्दल जे बोललं जातं ते मी इथं लिहीत नाही. मुरुडचा साहिल (तुझ्याच कंपनीतला, मागे आपल्याकडे येऊन एका बैठकीत चार शहाळी प्यायला तो) येत्या परवा दुबईकडच्या फुजैरा बंदराला निघणार आहे आणि तुझं जहाज त्याच सुमाराला तिथं लागणार आहे असं कळलं. उद्या एसटीनं मुरुडला जाऊन हे पत्र त्याच्या हाती देईन. तू ते केबिनमध्ये दार लावून वाच, कारण पुढे तुझ्या बायकोनं केलेल्या काही गोष्टी आहेत आणि त्या चारचौघांत वाचण्यासारख्या नाहीत.

सुरुवात नोव्हेंबरात झाली. दिवाळी होऊन गेली होती, आभाळ स्वच्छ होतं, आणि आक्षीला चंद्राबाईंनी वलांडीवर (बोंबील वाळत घालायला बांबू बांधून केलेला तो लांबलचक मांडव, ज्याखालून जाताना तू लग्नात फेटा अडकवून घेतला होतास) चांगले पाचसहाशे बोंबील टांगले होते. मोबाइलवर सूर्याचं चित्र होतं. पहाटे पाऊस आला. अर्धवट वाळलेला बोंबील भिजला की संपला, तो माणसांनी खायचा राहत नाही, नारळाच्या मुळाशी जातो. चंद्राबाई तडक माझ्याकडे आल्या. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतेस, पावसाचं आधी कळत असतं असं टीव्हीवाले म्हणतात, मग आमच्या वलांडीवर पाऊस पडणार की नाही एवढं तुला सांगता येत नसेल तर तू त्या पोरांना नेमकं काय शिकवतेस? अकरा वर्षांत प्राचार्यांनासुद्धा हा प्रश्न सुचलेला नाही.

मग मी कामाला लागले. कॉलेजनं लॅबमधला एक जाडजूड कॉम्प्युटर काढून टाकला होता, तो रीतसर अर्ज करून घरी आणला आणि तू नारळ ठेवायचास त्या खोलीत मांडला. त्याचा पंखा अहोरात्र गरम हवा सोडतो. आई तिथं सांडगी मिरच्या वाळवतात आणि या यंत्राचा एवढाच उपयोग सिद्ध झालेला आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. हवामानाचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं. ते आपल्या कामाच्या भागाचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात हवा पुढे काय करेल याचं गणित मांडतं. पण समुद्र त्याला स्वतःहून समजत नाही. जगाच्या नकाशावरून ते जो अंदाज घेतं त्यात किहीमपासून मुरुडपर्यंत सगळं पाणी एकाच तापमानाचं, एखाद्या बादलीतलं असावं तसं. माझी एमएस्सीची मैत्रीण दिपाली (पुण्यात हवामानाच्या एका संस्थेत असते, आपल्या लग्नात तिनं उखाण्यावर हरकत घेतली होती) मला फोनवर म्हणाली की तुझ्या किनाऱ्यावरचा पाऊस समुद्रावर ठरतो, तेव्हा समुद्राचं वेगळं मॉडेल चालवणारे लोक रोज जो डेटा प्रसिद्ध करतात तो बाहेरून आण आणि यात घाल. एका दुपारचं काम आहे, असंही म्हणाली. त्या दुपारीला आता अडीच महिने झाले.

समुद्राचा डेटा आणणं सोपं होतं, तो उतरवून घेतला की येतो. घालणं अवघड. हवेच्या सॉफ्टवेअरला समुद्र त्याच्याच पद्धतीनं बांधून द्यावा लागतो, सासरी पाठवायच्या फराळासारखा, जरा डबा इकडचा तिकडे झाला की परत. पहिल्या खेपेला मी पाण्याचं तापमान अठ्ठावीस असं दिलं, जसं आलं होतं तसं. सॉफ्टवेअर मात्र तापमान केल्विनमध्ये मोजतं, म्हणजे आपल्या शून्याच्याही दोनशे त्र्याहत्तर अंश खालून. त्यानं अठ्ठावीस घेतलं आणि निमूटपणे किहीमपासून मुरुडपर्यंत सगळा समुद्र गोठवून टाकला. जंजिऱ्याला लोक चालत गेले असते. मी ते चित्र हौसेनं चंद्राबाईंना दाखवलं (निळा रंग छान आला होता) आणि त्यांचे यजमान बुधाजीकाका, जे चाळीस वर्षं बोट घेऊन बाहेर जातात, त्यांनी फार गंभीरपणे विचारलं की मग बोटीत बर्फ भरून न्यायची गरज नाही ना. नंतर मी केल्विन करून घेतलं. तेव्हा दुसरंच निघालं. समुद्राच्या डेटात जिथं जमीन असते तिथं उणे तीस हजार असा आकडा भरलेला असतो, म्हणजे इथलं मला विचारू नका. माझ्या प्रोग्रामनं तो खरा धरला, शेजारच्या पाण्याशी त्याची सरासरी काढली, आणि नागावच्या किनाऱ्यावर उणे पंधरा हजार अंश थंडी पडली. त्या दिवशी बाहेर पर्यटक बनाना बोटीवरून किंचाळत पाण्यात पडत होते. मी खिडकीतून बघत होते आणि मला त्यांची काळजी वाटली, इतकी मी त्या आकड्यांत गेले होते.

तिसऱ्या खेपेला आपलं घर बुडालं. समुद्राच्या मॉडेलचे चौकोन मोठे असतात, एकेक नऊ किलोमीटरचा, आणि त्यांना किनारा आपल्यासारखा वळणावळणाचा दिसत नाही. त्यांच्या मते आपली वाडी, विहीर, देऊळ आणि ग्रामपंचायत हे सगळं पाणी आहे, तापमान एकोणतीस पूर्णांक एक. मी हे जेवताना सहज बोलून गेले. आईंचा घास हातातच राहिला. "मंग मी आता घरान हाय का पान्यान?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई, ते फक्त कॉम्प्युटरमध्ये. तर म्हणाल्या, कोणी लिहून ठेवलं असेल तर पुढे सरकारी नकाशात पण तसंच येतं, सातबाऱ्याचं काय झालं आठवतं ना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवून तो चौकोन जमिनीत करून घेतला आणि झाला की नाही ते चष्मा लावून पाहिलं. (खरं सांगते, ते दुरुस्त करायला हवंच होतं, पण मी आणखी आठवडाभर टाळलं असतं.)

आता बाहेरून आलेला समुद्र खरा की खोटा हे ताडून बघायला हवं होतं. दिपाली म्हणाली, प्रत्यक्ष मोजलेलं तापमान असेल तर उत्तम. बुधाजीकाका रोज जातातच, म्हणून मी त्यांच्या हाती थर्मामीटर दिला. कॉलेजला सुट्टी होती, लॅबला कुलूप, तेव्हा घरातला तापाचा दिला. तो बत्तीसच्या खाली काही दाखवत नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काका रोज सकाळी किनाऱ्याला लागले की बादलीत बघितलेलं सांगायला यायचे. तीन दिवस त्यांचा निरोप एकच होता. "दर्याला ताप न्हाय." मी चौथ्या दिवशी लॅब उघडवून काचेचा लांब थर्मामीटर आणला, आणि तो फुटू नये म्हणून जपायला सांगितलं. ही चूक माझी. बोटीत जी काही मोलाची वस्तू असते ती काका खाली बर्फाच्या कप्प्यात पापलेटांमध्ये ठेवतात, कारण बोटीतली सगळ्यांत सांभाळलेली जागा तीच. तिथून थर्मामीटर काढायचा, बादलीत बुडवायचा, लगेच वाचायचा, पुन्हा पापलेटांत. रोज चार, पाच, चार. मी त्यावर इतका विश्वास ठेवला की बाहेरून आणलेला सगळा समुद्र मी पंचवीस अंशांनी थंड करून घेतला आणि दिपालीला कळवलं की तुमच्या समुद्राच्या मॉडेलमध्ये गंभीर दोष आहे. तिनं ते पत्र ऑफिसच्या फलकावर लावलंय असं ऐकते.

इथपर्यंतचं तू हसत वाचलं असशील. नऊ महिन्यांत तुझं हसणं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे ते मला धरून चालावं लागतं. पुढचं मात्र मी आतापर्यंत एकाच माणसाला सांगितलंय.

सॉफ्टवेअर सुरू करताना पहिला प्रश्न असतो, कुठल्या भागाचा अंदाज हवा? नकाशावर एक चौकट आखायची. मी आखली होती शहाण्यासारखी, किहीम ते मुरुड आणि समोरचा थोडा समुद्र. डिसेंबरच्या सुरुवातीला तुझा फोन आला. तू मोंबासाच्या अलीकडे होतास. हॅलो झालं, जेवण झालं, आणि तू म्हणालास, "इथं ढग फार सुंदर आलेत गं." आणि फोन गेला. तू ढगांबद्दल कधी काही बोललेला नाहीस. लग्नाच्या सात वर्षांत तू आभाळाकडे फक्त एकदा बघितलंस, तेही टाकीचं झाकण उडालं तेव्हा. मला ते ढग बघायचे होते. मी चौकटीची डावी कड धरली आणि जरा ओढली. तू त्यात येईनास. आणखी ओढली. ओमान आलं, सोमालिया आला, सगळा अरबी समुद्र आला, आणि खाली अगदी कोपऱ्यात तुझं जहाज असायला हवं तेवढं पाणी आलं. मग बाहेरून समुद्राचा तेवढाच मोठा डेटा मागवावा लागला. तो घालायला मी किती शिकले म्हणून सांगू. नागावच्या चार चौकोनांसाठी अडून बसलेली मी, तुझ्या बाजूच्या पाण्यासाठी आफ्रिकेचा अख्खा किनारा हातानं नीट करून घेतला. ढग मिळाले. तुझ्या डोक्यावर पांढरे, दाट, दुपारी चार वाजताचे. मी ते चित्र बराच वेळ बघत बसले आणि आईंनी हाक मारली तेव्हा घाईनं बंद केलं, जसं कोणी चोरून काही बघताना पकडलं जावं.

पुढे रोजचंच झालं. तू पुढे सरकलास की चौकट सरकायची, तू वळलास की वळायची. फक्त एक अडचण झाली. एवढा मोठा समुद्र म्हटल्यावर तो म्हातारा कॉम्प्युटर उद्याच्या चोवीस तासांचा अंदाज काढायला एकतीस तास घ्यायला लागला. म्हणजे उद्या काय होणार ते आम्हाला परवा कळायचं. चंद्राबाई रोज सकाळी वलांडीवर जायच्या आधी दारात यायच्या आणि मी त्यांना सांगायचे की काल पाऊस नव्हता. दोनतीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या मलाबी मायती हाय." त्यांना वाटलं मी अजून शिकतेय. दिपालीला वाटलं मशीन कमी पडतंय. तिनं खोदून विचारलं की नागावच्या पावसाला सोमालियापर्यंत चौकट कशाला, यात हवामानाचं कारण काय? मी म्हटलं, पश्चिमेकडचा प्रभाव. ती शास्त्रज्ञ आहे, तिनं पश्चिमेकडचा प्रभाव तपासून बघितला आणि तसा काही नसतो असं मला तीन पानं लिहून कळवलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा अवकाळी आला. सकाळी सातला आक्षीवर पाऊस पडला आणि दुपारी दोनला माझ्या पडद्यावर तो अंदाज उमटला, सकाळी सात वाजता आक्षीवर पाऊस. तासासकट बरोबर. दोन महिन्यांतला माझा पहिला अचूक अंदाज, आणि तो येईपर्यंत चंद्राबाई भिजलेले बोंबील पाट्यांत भरून नारळाच्या बुंध्यांशी ओतून मोकळ्या झाल्या होत्या. चौकट लहान असती तर आदल्या संध्याकाळीच कळलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी तशीच चालत आक्षीला गेले आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या रिकामी वलांडी पुसत होत्या. मला वाटलं आता आळीत कंपनीऐवजी माझं नाव घेतलं जाणार. त्यांनी फक्त विचारलं की एवढं करून तो दिसतो का. मी म्हटलं, नाही, जहाज दिसत नाही, त्याच्यावरचे ढग दिसतात आणि खालचं पाणी किती गरम आहे ते कळतं. त्यांनी फडकं बांबूवर टाकलं. मग म्हणाल्या, "बुधाजी तीन तीन दिस यायचा न्हाय, तवा मीबी खडकावर जाऊन बसायची. पन तो आला का त्याच्या तोंडावर सांगायची, मना तुज्याबिगर करमत न्हाय. तू त्या डब्याला काय सांगतंस? त्याला सांग ना गो."

त्याच संध्याकाळी मी चौकटीची डावी कड धरून परत आणली. सोमालिया गेला, ओमान गेला, मग तू गेलास. माउसचं एक ओढणं. अल्पेश, मी रडले. आईंना मिरच्यांचा ठसका लागला म्हणून सांगितलं आणि त्यांनी ते मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. आता चौकट किहीम ते मुरुड आहे, समुद्र बाहेरून रोज ताजा येतो आणि नीट जागेवर बसतो, आणि चहा होईपर्यंत उद्याचा अंदाज हातात असतो. गेल्या गुरुवारी त्यात पहाटेचा पाऊस दिसला. चंद्राबाईंनी संध्याकाळीच बोंबील उतरवून घेतले, आभाळात एक ढग नव्हता, सगळी आक्षी हसली. पहाटे दहा मिनिटं सर आली. त्यानंतर आपल्याकडे इतके मासे आले की आईंनी पहिल्यांदाच तो कॉम्प्युटर फडक्यानं पुसला. सगळं मनासारखं झालंय आणि मला अजिबात बरं वाटत नाहीये. चित्र उघडलं की नजर आपोआप डाव्या कडेला जाते, आणि तिथं काही नसतं.

तर कामाचं. इंजिनरूममध्ये थंड करायला समुद्राचं पाणी आत घेता तेव्हा त्याचं तापमान तुम्ही नोंदवता ना? तो आकडा मला रोज एकदा पाठव. समुद्राच्या डेटाची खात्री करायला जहाजावरून मोजलेल्या आकड्यासारखं दुसरं काही नाही, हे दिपालीनंच सांगितलंय. एक आकडा. त्याच्यापुढे काही लिहायची गरज नाही.

आईंचे आशीर्वाद. बुधाजीकाकांनी विचारलंय की तुमच्या बाजूला मासा कुठला. लोभ आहेच, तो असावा असं मी मुद्दाम लिहीत नाही.

तुझी,
रुचिका

ता. क. सोबत चंद्राबाईंनी सुके बोंबील दिलेत, तिपदरी बांधून. तरी ते पुडकं केबिनमध्ये उघडू नकोस. आणि कॅप्टनच्या केबिनजवळ तर मुळीच नको.

ता. क. दोन. पाकीट चिकटवायच्या आधी एक खरं लिहिते. तुझ्या आकड्याचा मला काही उपयोग नाही. माझी चौकट मुरुडला संपते, चार हजार किलोमीटरवरचं पाणी गरम असो की थंड, चंद्राबाईंच्या बोंबलाला त्याचं काय. पण जो माणूस दोन ओळी लिहीत नाही तो आकडा मागितला तर न चुकता लिहील, हे मी इंजिनियरशी सात वर्षं संसार करून शिकलेय. सत्तावीस पॉइंट चार आलं की मी त्याचं माझ्यापुरतं पत्र करून वाचलं असतं.

ता. क. तीन. मुरुडहून. चिकटवलेलं पाकीट फाडून लिहितेय, कागद साहिलच्या बहिणीच्या वहीतला आहे. साहिलला मी जाता जाता विचारलं की कंपनी अल्पेशला अजून किती थांबवणार. तो म्हणाला, "भाभी, मला तर त्याच्याच जागी जायला सांगितलंय. तो उतरला तर मी चढणार, न्हायतर दुसऱ्या जहाजावर. थांबायचा अर्ज त्यानंच केलाय. नव्या करारावर त्याची सही व्हायची बाकी हाय." त्याला वाटलं मला माहीत असेल. मी म्हटलं, हो, हो, माहीत आहे. त्याच्या अम्मींनी माझ्याकडे बघितलं आणि त्या उठून चहा टाकायला गेल्या.

त्या मघापासून चहा उकळतायत आणि एवढ्या वेळात मला सगळं आठवलंय. एप्रिलमध्ये निघायच्या आदल्या दिवशी तू ओट्यावर बसून सुट्टीत दुरुस्त केलेल्या वस्तू बोटांवर मोजत होतास. पंप, पडवीचे पत्रे, आईंचा मिक्सर (जो चांगला होता, तू उघडल्यावर बिघडला, मग तूच दुरुस्त केलास). आणि म्हणालास, "सगळं झालं. आता इथं माझं काही काम नाही." मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "नाहीच आहे." मला पुढे म्हणायचं होतं, मग आता तरी जरा माझ्याजवळ बस. ते मी मनात म्हटलं आणि पुढचा पेपर घेतला. तू अर्धंच ऐकलंस, आणि त्या अर्ध्यावर दोनदा मुदत वाढवून मागितलीस.

अल्पेश, इथं तुझं खरंच काही काम नाही. मी नीट बघितलंय. पंप चालतो, पत्रे गळत नाहीत, समुद्र रोज सकाळी आपोआप येतो, आईंना मी डॉक्टरकडे नेते, चंद्राबाईंना पाऊस वेळेवर कळतो. तुझ्यावाचून या घरात एक वस्तू अडलेली नाही. मी तेवढी अडलेय. सही करू नकोस. साहिलला तुझ्या जागी चढू दे. तू ये, आणि आल्यावर काहीही दुरुस्त करू नकोस.